गिऱ्ह्याच्या मागावर जनी तरीवाली

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या गोष्टींच्या खेळात राक्षसांची शिकार करणारं कॅरेक्टर बनवायला घेतलं की नियमपुस्तक तुमच्या हातात बहुतेक वेळा एकच वस्तू ठेवतं: सहा बाजूंचा एक जादा फासा. रेंजर या रानावनातल्या शिकाऱ्याचा हंटर्स मार्क घ्या. सावजावर खूण केली की प्रत्येक लागलेल्या वाराच्या इजेत एक फासा जास्त. २०१७ च्या पुरवणीतला मॉन्स्टर स्लेअर हा रेंजरचा पोटप्रकार घ्या. तिथेही खूण, तिथेही फासा, फक्त पाळीतल्या पहिल्या वाराला. समोर ड्रॅगन असो, पिशाच्च असो की भाडोत्री गुंड, फासा तोच आणि सरासरी साडेतीनच.

माझी मावसबहीण मनू आमच्या टेबलावर नवीनच आली होती. तिने बरोबर या फाशावर बोट ठेवलं. "दादा, हा नुसता जोरात मारणारा माणूस झाला. शिकारी कुठाय यात?" मनू पशुवैद्य आहे. म्हैस आजारी म्हणून बोलावलं तर आपण दावणीशी जाऊन आधी तिला बघतो, सुई नंतर काढतो, असं तिचं म्हणणं. तिला त्या बघण्याचे नियम हवे होते.

मी तेव्हा कोकणातला खेळ चालवत होतो, मालवणपासून तेरेखोलपर्यंतचा किनारा. माझं आजोळ देवबागकडचं, त्यामुळे राक्षस शोधायला मॉन्स्टर मॅन्युअल उघडायची फारशी गरज नव्हती. पाण्यातलं भूत गिऱ्हा, मुंजा, चकवा, हडळ, देवचार ही मंडळी लहानपणीच ओळखीची झालेली. मनूने कॅरेक्टर एका दमात सांगितलं: कर्ली खाडीवर तरी, म्हणजे माणसं पैलतीरी नेणारी होडी, चालवणारी जनी. नवऱ्याला गिऱ्ह्याने पाण्यात ओढून नेलं. आता ती गिऱ्हे शोधत फिरते.

एवढं ऐकल्यावर तिला हंटर्स मार्क द्यायला माझाही हात धजेना. तिच्यासाठी रेंजरचा नवा सबक्लास, म्हणजे पोटप्रकार, आपणच लिहायचं ठरलं.

आधी मी जुनी पुस्तकं चाळली, कारण हा प्रश्न या खेळाला पहिल्यापासून छळतोय. १९७५ मध्ये रेंजर पहिल्यांदा छापून आला तेव्हा त्याला जायंट कुळातल्यांविरुद्ध आपल्या लेव्हलइतकं जादा डॅमेज, म्हणजे जास्त इजा, मिळायचं, आणि त्या कुळात पार चिमुकल्या कोबोल्डपासून सगळे धरलेले होते. पुढे फेवर्ड एनिमी आलं. आपला वैरी कोणत्या जातीचा ते तुम्हीच निवडायचं. २०१४ च्या आवृत्तीत त्यातलं डॅमेज काढून टाकलं आणि माग काढणं, माहिती आठवणं एवढ्यासाठीच ॲडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घेणं) ठेवलं. कल्पना चांगली होती, पण तुम्ही अनडेड, म्हणजे मढी आणि भुतं, निवडले आणि डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, महिनोन्महिने फक्त ऑर्क आणले, तर ती ओळ कागदावर कोरडीच राहायची. २०२४ मध्ये तिचं काय केलं? हंटर्स मार्क काही वेळा फुकट. म्हणजे फिरून फाशाशीच.

माझ्या कामी आला तो क्लेरिक. आज क्लेरिक म्हणजे जखमा भरणारा असं सगळे धरून चालतात, पण त्याचा जन्म शिकारी म्हणून झालाय. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जनकांपैकी एक असलेल्या डेव्ह आर्नेसनच्या ब्लॅकमूर या खेळात एका खेळाडूचं सर फँग नावाचं व्हॅम्पायर कॅरेक्टर कुणालाच आवरेना. त्याला तोड म्हणून धर्मगुरूचं कॅरेक्टर आणलं गेलं. टर्न अनडेड ही मढ्यांना पळवून लावायची ताकद तिथून आली आणि ती अजून टिकून आहे. आताच्या नियमांत तीस फुटांच्या आतली मढी सेव्हिंग थ्रोमध्ये, म्हणजे बचावाच्या फाशात, हरली की पळत सुटतात, मात्र त्यांना मार बसला की परिणाम संपतो. या ताकदीत डॅमेजचा एकही फासा नाही, तरी क्लेरिकने चिन्ह वर धरलं की टेबलावर सगळ्यांना कळतं हा कोण आहे ते.

तिथे मला धागा सापडला. गोष्टींतल्या प्रत्येक राक्षसाला एखादा कायदा लागू असतो. व्हॅम्पायर आमंत्रणाशिवाय उंबरा ओलांडू शकत नाही. ट्रोलची जखम आपोआप भरते, पण आग किंवा ॲसिड लागलं की पुढच्या पाळीला भरत नाही. मुंजा आपला पिंपळ सोडत नाही. चकवा लागला तर चालत राहू नये, उजाडेपर्यंत जागच्या जागी बसावं. गिऱ्हा रात्री नावाने हाक मारून खोल पाण्यात नेतो, आणि त्याचे केस ज्याच्या हाती लागतील त्याचा तो गुलाम होतो असं आमच्याकडे सांगतात. बाकीच्या गावाला हे कायदे ऐकून ठाऊक असतात, शिकाऱ्याला ते बजावता येतात. जनीची प्रत्येक ताकद या कसोटीवर घासायची असं ठरवलं: हिने राक्षसाचा कायदा कळतो का, किंवा तो त्याच्यावर चालवता येतो का? दोन्हीला उत्तर नाही आलं तर ताकद कितीही झकास असो, बाद.

कळण्याचा भाग आधी घेतला. मॉन्स्टर स्लेअरकडे हंटर्स सेन्स नावाची ताकद आहे. साठ फुटांच्या आतल्या प्राण्याकडे बघायचं की त्याच्यावर काय चालत नाही, काय अर्धं लागतं, काय दुप्पट लागतं ते समजतं. उपयोगी आहे, पण उत्तर मिळतं ते यादीच्या भाषेत, आणि तेही राक्षस समोर उभा ठाकल्यावर. मला ती चौकशी आदल्या दिवशी, काठावर बसून व्हायला हवी होती. मॉन्स्टर ऑफ द वीक हा खेळ हे फार चांगलं करतो. तिथे तपासाचा रोल जमला की ठरलेल्या प्रश्नांमधले एकदोन विचारता येतात: हे काय करू शकतं, याला इजा कशाने होते, हे गेलं कुठे. शिवाय राक्षसाचं मर्म वापरल्याशिवाय तो कायमचा मरत नाही. मी ती रचना उचलली आणि प्रश्न आपल्याकडचे घातले. हे कशाने झालं? हे बसतं कुठे? याला हवंय काय? हे कशाला भितं?

ताकदीचं नाव ठेवलं चाहूल. जिथे काही घडलंय तिथे दहा मिनिटं थांबायचं, एक प्रश्न विचारायचा, डीएमने खरं उत्तर द्यायचं. लेव्हलबरोबर वाढणाऱ्या प्रोफिशियन्सी बोनसइतक्या वेळा, म्हणजे तिसऱ्या लेव्हलला दोनदा, मग रात्रीची झोप झाल्याशिवाय नाही.

उत्तर मिळालं की त्याचं करायचं काय? इथे मनूने डोकं चालवलं. तरीवालीच्या हातात दोर असतोच. प्रत्येक उत्तराला दोरावर एक गाठ, एका राक्षसाच्या नावाने जास्तीत जास्त तीन. लढाईत एक गाठ सोडायची आणि त्या राक्षसाचा एखादा कायदा लागू करायचा. पुढच्याच रविवारी ती किराणा बांधायची सुतळी घेऊन आली आणि खरोखरच गाठी मारायला बसली. कागदावरचे चौकोन खोडण्यात आणि टेबलावर सुतळी सोडण्यात किती फरक पडतो ते त्या दिवशी बघितलं. तिची गाठ ओली होऊन आवळली गेली होती आणि नखांनी सुटेना. "दातांनी सोडू नकोस, सुतळीला रॉकेलचा वास येतोय," हे कुणीतरी ओरडलं तेव्हा खेळातला गिऱ्हा फायटरच्या मानेला लटकलेला होता.

आता हिशेब. पाचव्या लेव्हलला दोन वार मिळतात. लागण्याची शक्यता पासष्ट टक्के धरली तर हंटर्स मार्क पाळीला साडेचारच्या आसपास डॅमेज वाढवतो. लढाई तीन-चार फेऱ्यांत आटोपते, म्हणजे एकूण चौदा ते अठरा. तीन गाठींची किंमत साधारण तेवढी यायला हवी होती. गिऱ्ह्यासाठी मी २०१४ च्या आवृत्तीतल्या वाइट या मढ्याचा साचा घेतला: आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १४, हिट पॉइंट (जीव) ४५, चांदी किंवा जादू नसलेल्या हत्याराचा मार अर्धाच लागतो. त्याला पोहण्याचा वेग दिला आणि नावाने हाक मारणं दिलं. गाठ सोडली की पुढच्या फेरीपुरता हा अर्ध्याचा बचाव सगळ्यांसाठी उठतो, असं मी आधी लिहिलं होतं. चार जणांनी मिळून गिऱ्ह्याला दुसऱ्याच फेरीत खलास केलं. मग ते प्रत्येकाच्या एका वारापुरतं आणलं आणि हिशेब जागेवर बसला. पण ताकद सगळ्यांना लागू ठेवण्याबद्दल मी अडून राहिलो. शिकारी ज्ञान घेऊन येतो, आणि ज्ञान सांगितलं की सगळ्यांचं होतं. फायटर खेळणारा आमचा मित्र तेव्हापासून लढाई सुरू झाली की पहिलं विचारतो, "जने, गाठी किती?"

कसोटीच्या दुसऱ्या बाजूला अडचण होतीच. राक्षसच नसेल त्या दिवशी जनीने करायचं काय? एका रविवारी सगळा खेळ जकात नाक्यावर आणि चोरट्या मालाच्या मागे गेला, आणि चाहूल, गाठी सगळं कोरडं. सोपा उपाय म्हणजे चाहूल माणसांवरही चालू करणं. मनूलाही ते चाललं असतं. आमच्यातला एक जण अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे, खेळात चोर खेळतो. त्याने तिथेच हात वर केला. "भुतांची गंमत मला चालते, पण उद्या हिने एखाद्या बाईवर गाठ सोडली तर मी उठून जाईन." बोलणं रोखठोक होतं आणि रास्त होतं. अंगात आलंय म्हणून आजारी माणसाला मारहाण करणं, कुणाला भूतबाधा झाल्याचं सांगून छळणं, यासाठीच तर आपल्याकडे २०१३ मध्ये जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला. सबक्लासच्या अगदी वर एक ओळ घातली: जिवंत माणसावर यातलं काहीही चालत नाही.

ही ओळ बंधन म्हणून घातली आणि तिने खेळ उलट श्रीमंत केला. नंतरच्या एका गोष्टीत गाव एका विधवेकडे बोट दाखवत होतं, हिनेच गिऱ्हा सोडला म्हणून. जनीने तिच्या अंगणात बसून चाहूल घेतली. मी म्हटलं, "इथे काही नाही." प्रश्न वाया गेला असं मनूला क्षणभर वाटलं, मग तिच्या लक्षात आलं की बाई निर्दोष असल्याचं पक्कं कळणारी गावात ती एकटीच आहे, आणि ते सिद्ध करायला तिच्याकडे कसलाच पुरावा नाही. तो अख्खा रविवार एकही फासा न टाकता गेला.

कोरड्या दिवसांवरचा उपाय दुसरीकडून निघाला. शिकारी काही चोवीस तास शिकारी नसतो, त्याला पोटापाण्याचा धंदा असतो. जनी तरी चालवते. म्हणून तिला पोहण्याचा वेग, अंधारात पाण्याचा अंदाज, दोराच्या कामात ॲडव्हान्टेज आणि भरती-ओहोटीचं ज्ञान दिलं. हे शेवटचं टेबलावर इतकं रुळेल असं वाटलं नव्हतं. आमच्याकडे भरतीची वेळ काढायचा तोंडी हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास, दशमीला साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती. खरी भरती रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे हा हिशेब थोडा इकडेतिकडे होतो, पण होडी काढायला पुरतो. मी खेळातल्या प्रत्येक दिवसाला तिथी द्यायला लागलो. चोरटे माल कधी उतरवणार, वाळूची दांडी कधी उघडी पडणार, उधाण आहे की भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती, हे सगळं जनी सांगायची आणि तिचं बरोबर निघायचं.

आणि याच हिशेबात गिऱ्हा आपसूक येऊन बसला. अमावास्येला भरती बाराच्या आसपास येते, दुपारी आणि मध्यरात्री, आणि ती उधाणाची असते. म्हणजे चंद्र नसलेल्या रात्री, भुतांच्या ठरल्या वेळेला, खाडीचं पाणी सगळ्यात वर चढलेलं असतं. माणसं बुडण्याच्या गोष्टी नेमक्या त्या रात्रीच्या का, हे मला आजीने कधी सांगितलं नव्हतं. खेळासाठी पाऊणपट करता करता कळलं.

सातव्या लेव्हलला बचावाची ताकद हवी होती. मॉन्स्टर स्लेअरला इथे सेव्हिंग थ्रोमध्ये एक फासा वाढवून मिळतो. पुन्हा फासाच! आमच्याकडे रात्री कुणी एकदा हाक मारली तर ओ देत नाहीत. तीनदा आली तर माणसाची. त्यावरून ताकद लिहिली: ओ न देणं. आवाजाने किंवा नजरेने भूल घालणारा हल्ला झाला की जनी रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करता येणारी एक कृती) वापरून तो आपोआप परतवू शकते, पण तिच्या पुढच्या पाळीच्या शेवटापर्यंत ती एक शब्दही बोलू शकत नाही. आणि मनूनेही टेबलावर बोलायचं नाही.

हा दुसरा भाग मी जरा गमतीने घातला होता. पहिल्यांदा वापरला तेव्हा गिऱ्ह्याने जनीला तिच्या नवऱ्याच्या आवाजात हाक मारली. मनूने ओठ मिटले आणि रिॲक्शनचं टोकन पुढे सरकवलं. त्याच फेरीत चोराची पाळी आली आणि तो होडीतून उलट्या बाजूला, सरळ खोल पाण्याकडे उडी मारायला निघाला. पाणी कुठे खोल आहे ते फक्त मनूला माहीत होतं, दुपारीच तिने तिथे चाहूल घेतली होती. ती हातवारे करतेय, सुतळी टेबलावर आपटतेय, डोळे मोठे करतेय, आणि हा आपला "हो हो, कळलं, उडी मारू ना?" फायटरवाला हसून हसून खुर्चीत वाकला. चोर बुडाला नाही, पण त्याचे हिट पॉइंट एक आकडी झाले. ताकदीतला एकही शब्द मी नंतर बदलला नाही.

अकराव्या लेव्हलची ताकद बसवायला सगळ्यात मजा आली. क्लेरिक भुताला पळवून लावतो. शिकाऱ्याला ते जागेवर हवं असतं, पळालेलं भूत पुढच्या अमावास्येला परत येतंच. म्हणजे टर्न अनडेडच्या बरोबर उलटी ताकद पाहिजे: बांधून ठेवणारी. सिंधुदुर्गात गाऱ्हाणं घालतात ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं, निदान नाटकात तरी. एक जण देवाला सांगतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. नियम असा केला: जनीने राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं आणि त्यात त्या भुताबद्दल चाहुलीतून कळलेली किमान एक गोष्ट सांगायची. ऐकणाऱ्या साथीदारांपैकी जो आपली रिॲक्शन खर्चून व्हय म्हाराजा म्हणेल, त्याच्यामागे भुताला सेव्हिंग थ्रोमध्ये गाठायचा आकडा एकाने वाढतो. भूत हरलं तर एक मिनिट त्याला ती जागा सोडता येत नाही, अदृश्य होता येत नाही, जखमा भरता येत नाहीत. गाऱ्हाण्यात एक जरी गोष्ट चुकीची निघाली तर सगळं फुकट.

आमचा चालू खेळ अकराव्या लेव्हलच्या जवळपासही नव्हता, म्हणून तेवढ्यासाठी एक वेगळा खेळ बसवला. जनीचा आकडा १५, तिघांच्या होकाराने १८. मनू पुण्यात वाढलेली, तिची मालवणी यथातथाच. तरी ती उभी राहिली. "बा देवा म्हाराजा, ह्या खाडयेत जो कोण बसलोहा..." आणि तिघे एकदम गरजले. वरच्या मजल्यावरच्यांनी फोन करून विचारलं, सत्यनारायण आहे का म्हणून. त्या फेरीत कुणाकडेही रिॲक्शन उरली नव्हती. गिऱ्हा बांधला गेला, पण त्याच्या मदतीला आलेल्या हडळीपुढे सगळे उघडे पडले. किंमत अशीच असायला हवी: मोठी, आणि सगळ्यांनी मिळून मोजलेली.

पंधराव्या लेव्हलवर घोडं अडलंय. मनूला गिऱ्ह्याचे केस हवेत. कापून ठेवले की तो गुलाम, सांगेल ते काम करणार, आणि केस परत मिळाले तर आधी मालकाचा सूड घेणार. गोष्ट म्हणून पहिल्या नंबरची. नियम म्हणून मात्र डोकेदुखी: टेबलावर एका खेळाडूला कायमचा दुसरा देह मिळतो आणि बाकीच्यांच्या पाळ्या लांबतात. कसोटीला ती उतरते, त्यामुळे बादही करवत नाही. सध्याचा मसुदा असा आहे की गिऱ्हा लढत नाही, दिवसाला एक काम करतो आणि तेही पाण्यातलं, आणि केस कुठे लपवले ते जनीने चिठ्ठीवर लिहून, घडी घालून, दुसऱ्या एका खेळाडूकडे सांभाळायला द्यायचं. त्याने ती उघडायची नाही. फायटरवाला म्हणाला, माझ्याकडून हरवेल. राहिला चोर. मनू म्हणतेय की त्याला चिठ्ठी देण्यापेक्षा गिऱ्हा मोकळा सोडलेला बरा, आणि तो म्हणतोय की असा अविश्वास असेल तर त्याचाही काहीतरी नियम करा.